एमएस असताना हार्मोन घ्यावेत का?

'मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे, हार्मोन थेरपी घेऊ का?' हा प्रश्न ऐकायला एकच वाटतो, पण विचारणाऱ्यांच्या मनात निरनिराळ्या गोष्टी असतात. एकीने कुठेतरी वाचलेलं असतं की गरोदरपणात एमएसचे अटॅक (लक्षणं एकाएकी उफाळणं) कमी होतात. मग तेच हार्मोन गोळीतून घेतले तर आजार आटोक्यात येईल का, हे तिला हवं असतं. दुसरीची पाळी जायला आलेली असते. रात्री तीन-तीनदा घामाने भिजून जाग येते आणि त्यावर देतात ती औषधं एमएसमध्ये चालतात का, एवढंच तिला विचारायचं असतं. तिसरीला गर्भनिरोधक गोळी हवी असते. एखादा पुरुष टेस्टोस्टेरॉनबद्दल विचारत असतो.

शब्द चौघांचा एक, उत्तरं मात्र वेगळी. घोटाळा होतो तो इथेच. पहिलीला मिळालेलं 'नको' दुसरी स्वतःला लावून घेते आणि विनाकारण सोसत राहते. नाहीतर दुसरीला आलेला आराम ऐकून पहिली आपलं चालू औषध सोडायला निघते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. एमएसवरचा इलाज म्हणून घ्यावं असं लैंगिक हार्मोन आज तरी एकही नाही. पण एमएस आहे एवढ्याच कारणावरून पाळी जातानाच्या त्रासासाठीचे हार्मोन कुणाला नाकारणंही बरोबर नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते आता पाहू.

आधी आजाराबद्दल थोडं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि डोळ्यांच्या नसांवर उलटते. चेतातंतूंभोवती मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. विजेच्या तारेवरचं प्लास्टिक सोलवटावं तसं ते ठिकठिकाणी सोलवटतं आणि संदेश अडखळतात. कुणाला एका डोळ्याने धूसर दिसतं, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाला लघवी थोपवता येत नाही. बहुतेकांमध्ये सुरुवातीची वर्षं अटॅक आणि उतार अशी जातात. पुढे काहींमध्ये अटॅक न येताही हळूहळू झीज होत राहते. आज मिळणारी बरीचशी औषधं अटॅकवर चांगलं काम करतात, या संथ झिजेवर कमी. हा फरक लक्षात ठेवा, कारण हार्मोनकडून असलेली आशा या दोन्ही बाबतींत वेगवेगळी आहे.

हार्मोनचा संशय येण्याचं पहिलं कारण साधं आहे. एमएस पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने जास्त होतो. वयात येण्याआधीच्या मुला-मुलींत मात्र हे प्रमाण जवळपास सारखं असतं. म्हणजे तफावत पडते ती वयात येताना. उलट पुरुषांना हा आजार झाला तर तो सहसा उशिरा सुरू होतो आणि अपंगत्वाकडे लवकर नेतो. नुसत्या एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण मग गरोदरपणाची गोष्ट पुढे येते.

नऊ महिन्यांतला उतार

एमएस असलेल्या बायकांना डॉक्टर एके काळी मूल होऊ देऊ नका असं सांगत. १९९८ साली फ्रान्सच्या ख्रिश्चन कॉन्फावरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या सल्ल्याचा पायाच निघून गेला. गरोदरपणाच्या आधीच्या वर्षात या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.७ अटॅक येत होते, म्हणजे दहा जणींत मिळून वर्षाला सात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो वेग ०.२ वर आला. इतका उतार त्या काळच्या औषधांनाही जमत नव्हता. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र तो उसळून १.२ वर गेला आणि मग हळूहळू पूर्वपदावर आला.

त्या उसळीने बऱ्याच जणी धास्तावतात, म्हणून सांगते: याच स्त्रियांकडे पुढे पाहिलं तेव्हा बाळंतपणानंतरच्या त्या तीन महिन्यांत साधारण ७२ टक्के जणींना एकही अटॅक आलेला नव्हता.

आता डॉक्टरांच्या मनात प्रश्न आला की शेवटच्या तीन महिन्यांत असं काय असतं, जे बाळ बाहेर येताच एकदम नाहीसं होतं? वार (प्लॅसेंटा)! बाळाबरोबर वारही पडते आणि वारेतून येणारे हार्मोन काही दिवसांत खाली येतात. त्यातला इस्ट्रिऑल हा इस्ट्रोजेनचा सौम्य भाऊ. एरवी तो रक्तात नावापुरता असतो, गरोदरपणात मात्र त्याची पातळी चढत जाते. संशयाची सुई त्याच्याकडे वळली.

गरोदरपण पाहून औषधाचा माग काढायची ही पहिली वेळ नव्हती. अमेरिकेतले डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना गरोदरपणात किंवा काविळीत अचानक आराम पडतो, हे १९२९ पासून टिपून ठेवलं होतं. शरीरच काहीतरी तयार करत असणार, या विचाराचा पाठपुरावा करत त्यांनी १९४८ मध्ये कॉर्टिसोन पहिल्यांदा रुग्णाला दिलं आणि १९५० साली त्यांना दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळालं. त्यामुळे इस्ट्रिऑलमागे लागणाऱ्यांना कुणी वेडं म्हणायचं कारण नव्हतं. वाट मळलेली होती.

इस्ट्रिऑलची परीक्षा

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रोंडा व्होस्कुल यांच्या गटाने २००२ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. मोजक्या दहा-बारा बायका, रोज ८ मिलिग्रॅम इस्ट्रिऑल तोंडावाटे, सहा महिने. अटॅक येत-जात असणाऱ्या बायकांच्या एमआरआयमध्ये मेंदूतले ताजे, सुजलेले डाग कमी झाले. गोळी थांबवली तेव्हा ते परत वाढले. पुन्हा सुरू केली, पुन्हा कमी झाले. एवढ्या थोड्या लोकांत सिद्ध काही होत नाही, पण दिवा लावला की उजेड आणि विझवला की अंधार, असं दोनदा दिसलं तर पुढे जावंसं वाटणारच.

पुढची पायरी २०१६ मध्ये आली. अमेरिकेतल्या १६ केंद्रांवर १६४ स्त्रिया. सगळ्यांना ग्लाटिरामर हे एमएसचं नेहमीचं इंजेक्शन चालू. त्यावर निम्म्यांना इस्ट्रिऑल आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी औषधाविना गोळी, दोन वर्षं. निकाल असा: इस्ट्रिऑल घेणाऱ्या शंभर जणींत वर्षाला साधारण २५ अटॅक, न घेणाऱ्या शंभर जणींत ३७.

म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी. मग एमएसचं औषध म्हणून हे आज दुकानात का नाही?

कारण आकडेशास्त्र. दोन गटांत फरक दिसला की तो नशिबाने पडला असेल का, हे तपासावं लागतं. औषधाचा काहीच परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता या अभ्यासात सुमारे ८ टक्के निघाली. पुढच्या टप्प्यात जायचं की नाही हे ठरवण्यापुरती १० टक्क्यांची मर्यादा संशोधकांनी आधीच आखून घेतली होती, आणि त्या मोजपट्टीवर ते पास झाले. पण एखाद्या औषधाला मान्यता देताना सहसा ५ टक्क्यांची कसोटी लावतात, आणि तीही शेकडो रुग्णांच्या मोठ्या चाचणीत. या निकालाचा प्रामाणिक अर्थ 'पुढे तपासण्यासारखं आहे' इतकाच. त्याच्या पुढे-मागे लिहिलेलं सगळं उत्साह किंवा निराशा समजावी.

त्या चाचणीतली एक बारीक नोंद मला बोलकी वाटते. इस्ट्रिऑल घेणाऱ्यांची पाळी जास्त वेळा अनियमित झाली, पण योनिमार्गाचे संसर्ग कमी झाले. हार्मोन असंच वागतात. एका दारातून आत सोडले की घरभर फिरतात.

मग मोठी चाचणी का झाली नाही? याचं एक व्यवहारी कारण उघड आहे. इस्ट्रिऑल हा जुना, नैसर्गिक रेणू आहे. युरोप-आशियात पाळी गेल्यानंतरच्या तक्रारींवर तो कित्येक दशकं वापरात आहे. जुन्या रेणूवर मोठा खर्च करून नवा उपयोग सिद्ध करण्यात औषध कंपन्यांना सहसा रस नसतो. हे कटकारस्थान नाही, नुसता हिशेब आहे. पण त्याचा दुसरा अर्थ 'दाबून ठेवलेलं रामबाण औषध' असाही काढू नये. तसं म्हणणाऱ्यांनी फ्रान्समधून आलेला निकालही वाचावा.

तिथे आणि आसपासच्या देशांत बाळंतपणानंतरची उसळ थोपवण्याचा प्रयत्न झाला. कल्पना छान होती. वार पडली की हार्मोन कोसळतात ना? मग पहिल्या चोवीस तासांतच प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी आणि इस्ट्रोजेनचा पॅच सुरू करायचा आणि बारा आठवडे द्यायचा. २०२ स्त्रिया त्यात आल्या. पुरेशा बाळंतिणी मिळेनात म्हणून चाचणी ठरल्याआधी थांबवावी लागली, पण जेवढं पाहिलं त्यात अटॅकमध्ये काहीही फरक पडलेला नव्हता.

का? पॅचमधून मिळणारं इस्ट्रोजेन गरोदरपणातल्या पातळीच्या जवळपासही जात नाही, हे एक. दुसरं जास्त मुळातलं आहे. गरोदरपण म्हणजे एखाद-दुसऱ्या हार्मोनचा चढ नव्हे. पोटातल्या बाळाचा निम्मा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने परका. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून रोगप्रतिकारशक्तीची अख्खी बैठकच बदलते: आवर घालणाऱ्या पेशी वाढतात, प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल चढतात, खुद्द वार अनेक संदेश पाठवत राहते. या सगळ्या वाद्यवृंदातली एक बासरी उचलून तेच गाणं वाजेल अशी अपेक्षा ठेवणं थोडं भाबडं होतं.

गर्भनिरोधक गोळ्यांचंही असंच. इटलीत १५० स्त्रियांवर इंटरफेरॉन या एमएसच्या औषधासोबत कमी आणि जास्त इस्ट्रोजेनची गोळी देऊन पाहिली. जास्त इस्ट्रोजेनच्या गटात एमआरआयवरचे नवे डाग कमी दिसले. आशादायक आहे, पण डाग कमी होणं म्हणजे चालणं सुधारणं नव्हे. शिवाय इस्ट्रोजेनचा डोस वाढवला की रक्तात गुठळी होण्याचा धोकाही वाढतो.

पुरुषांच्या बाबतीत पुरावा आणखी तोकडा आहे. २००७ मध्ये दहा पुरुषांना वर्षभर रोज टेस्टोस्टेरॉनचं जेल लावायला दिलं. आकलनाच्या चाचणीत ते थोडे सुधारले, मेंदू आकसण्याचा वेगही मंदावलेला दिसला. गंमत म्हणजे सुजेच्या ताज्या डागांवर काहीच परिणाम नव्हता. म्हणजे हे हार्मोन सूज रोखण्याऐवजी चेतापेशींना जपत असेल, असा अंदाज बांधला गेला. ती संथ झीज आठवते ना, तिच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं ठरू शकतं. पण तुलनेला औषधाविना गट नव्हता आणि माणसं फक्त दहा. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन तपासणीत खरोखर कमी निघतं आणि त्रासही आहे, त्यांना ते इतर कुठल्याही पुरुषासारखं देता येतं. नुसत्या एमएससाठी नाही. आणि तरुणांना हे कुणी तरी ठणकावून सांगायला हवं: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर शुक्राणू बनवणं कमी करतं. मूल हवं असणाऱ्याने ते परस्पर सुरू करू नये.

आता तुलना पाहा. नतालिझुमॅब या औषधाच्या २००६ मधल्या चाचणीत अटॅक ६८ टक्क्यांनी कमी झाले होते, आणि त्यानंतरही जोरकस औषधं आली आहेत. इस्ट्रिऑलची चाचणी दुसऱ्या औषधावर भर म्हणून होती, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवणं तितकंसं न्याय्य नाही. तरीही सिद्ध झालेलं सोडून अर्धवट तपासलेल्याकडे जायचं कारण त्यात सापडत नाही. मेंदूवरचा डाग एकदा पडला की पूर्ण पुसला जाईलच असं नसतं.

पाळी जाते तेव्हा

इथे मात्र चित्र पालटतं, आणि मला वाटतं खरी गरज इथेच आहे. एमएस बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि माणसं त्याच्यासोबत दीर्घकाळ जगतात. म्हणजे एमएस असलेली बहुतेक प्रत्येक स्त्री कधी ना कधी या वळणावर येणारच. तरीही न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात पाळीचं स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात तुम्हाला एमएस आहे, न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

दोन्ही यादी शेजारी ठेवून पाहा. पाळी जाताना काय होतं? झोप उडते, थकवा येतो, शब्द आठवत नाहीत, चिडचिड होते, लघवीची घाई लागते. एमएसमध्ये काय होतं? अगदी हेच. मग एखादी म्हणते, 'माझा आजार वाढलाय.' कधी खरंच वाढलेला असतो. पण कधी रात्रीच्या घामाने महिनोन्महिने सलग झोपच झालेली नसते, आणि झोप नाही म्हणून दिवसा मेंदू चालत नाही. हे ओळखलं नाही तर चांगलं चाललेलं एमएसचं औषध 'लागू पडेना' म्हणून बदललं जातं.

त्यात उष्णतेचा एक खास मुद्दा आहे. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये लिहून ठेवलं की या रुग्णांना व्यायामानंतर दिसायला कमी होतं आणि विश्रांतीनंतर पुन्हा दिसू लागतं. मायलिन गेलेला चेतातंतू तापला की संदेश नीट वाहून नेऊ शकत नाही. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी काहींना पुरतं. एमआरआय येण्याआधी तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून एमएसचं निदान करायचा प्रयत्न करत. आता विचार करा, ज्या बाईला दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून गरम वाफा येतात, तिच्या पायांचं आणि डोळ्यांचं काय होत असेल? हा नवा अटॅक नसतो, मेंदूचं नवं नुकसानही नसतं. पण जिना चढताना मध्येच पाय लटपटला तर तिला या फरकाचं काय!

या वाफांवर इस्ट्रोजेनइतकं परिणामकारक औषध दुसरं नाही. औषधाविना गोळीच्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होते. हाडांनाही ते बळ देतं. ज्यांनी एमएससाठी वारंवार स्टेरॉइड घेतली आहेत आणि ज्यांचं चालणं कमी झालं आहे, त्यांची हाडं आधीच ठिसूळ व्हायला लागलेली असतात. त्यात तोल जाऊन पडण्याची भीती. या सगळ्यांचा एकत्र विचार केला तर हार्मोनच्या बाजूचं पारडं जड होतं.

मग लोक घाबरतात कशाला? २००२ च्या जुलैमुळे. अमेरिकेत १६ हजारांहून अधिक स्त्रियांवर चाललेली हार्मोनची मोठी चाचणी तेव्हा मध्येच थांबवली गेली. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसातल्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या होत्या. जगभरच्या बायकांनी रातोरात गोळ्या सोडल्या. पण वाढ किती, तर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला प्रत्येकाची सात-आठ जादा प्रकरणं, आणि दुसऱ्या बाजूला खुब्याचं हाड मोडण्याची प्रकरणं पाचने कमी. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बऱ्याच जणींना दहा वर्षं उलटलेली. औषधही तोंडावाटे घ्यायचं, जुन्या पद्धतीचं. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यायलं जातं, तसं पुढची वीस वर्षं झालं. आजचा सर्वसाधारण सल्ला असा की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं आणि विशेष धोका नसेल, तर त्रास असणाऱ्या बहुतेकींना फायदा जास्त, तोटा कमी.

एमएसमध्ये एका धोक्याकडे मात्र जास्त बारकाईने पाहावं लागतं, तो म्हणजे पायातली गुठळी. जिचा दिवस व्हीलचेअरवर किंवा पलंगावर जातो, तिच्यात तो आधीच वाढलेला असतो. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं. त्वचेवर लावायचा पॅच किंवा जेल यकृताची ही फेरी चुकवतं, आणि निरीक्षणांत त्याने गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसत नाही. म्हणून चालणं कमी असलेल्या स्त्रीने 'हार्मोन द्या' म्हणण्यापेक्षा 'पॅचमधून देता येईल का' असं विचारावं. गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जाऊन कर्करोगाचा धोका येतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, गुठळी झालेली असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल किंवा यकृताचा आजार चालू असेल, तर हा रस्ता सहसा बंद.

ज्यांचा बंद असतो त्यांच्यासाठी इतर औषधं आहेत, आणि इथे एमएसच्या रुग्णांचा थोडा फायदाच होतो. नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं गॅबापेंटिन वाफाही कमी करतं. लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन हेदेखील करतं, मात्र त्याने स्मरणशक्ती मंदावू शकते, त्यामुळे विसराळूपणाची तक्रार आधीच असेल तर जपून. फक्त योनिमार्गाचा कोरडेपणा आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्ग एवढाच त्रास असेल, तर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं, ते रक्तात फारसं उतरत नाही. एमएसमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग ही छोटी गोष्ट नव्हे. त्याने आलेला ताप जुनी सगळी लक्षणं वर काढतो.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. या हार्मोनने एमएस स्वतः मंदावतो का? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात, पाळी गेल्यावर हार्मोन घेणाऱ्या एमएसग्रस्त स्त्रियांनी आपली शारीरिक स्थिती जास्त चांगली असल्याचं नोंदवलं, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ज्या मुळातच धडधाकट, त्यांनाच डॉक्टर हार्मोन देतात, असंही असू शकतं. कारण आणि परिणाम यांतून सुटे करता येत नाहीत. तेव्हा घ्यायचे तर वाफांसाठी, झोपेसाठी, हाडांसाठी घ्या. एमएसवर परिणाम झालाच तर तो वरकड समजा, हिशेबात धरू नका.

गोळ्यांची एकमेकींशी भांडणं

गर्भनिरोधकांबद्दल थोडक्यात, पण हे थोडक्यातलं फार कामाचं आहे. एमएसमुळे गर्भनिरोधक गोळी बंद करावी लागत नाही. फक्त बराच काळ हालचाल नसेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळतात, त्याच गुठळीच्या भीतीने. खरी अडचण दुसरीकडे आहे. थकव्यासाठी दिलं जाणारं मोडाफिनिल आणि चेहऱ्याच्या असह्य कळांवरचं कार्बामाझेपिन, ही दोन्ही गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतात. बाईला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि ती नसते. मोडाफिनिल थांबवल्यावरही महिनाभर दुसरी खबरदारी घ्यावी लागते. त्यात टेरिफ्लुनोमाइड किंवा फिंगोलिमोड यांसारखं, पोटातल्या बाळाला घातक ठरू शकणारं एमएसचं औषध चालू असेल, तर हा योग किती वाईट ते वेगळं सांगायला नको. डॉक्टर दोन, कागद दोन, आणि कुणी दुसऱ्याचा कागद पाहिलेला नसतो. सगळ्या गोळ्यांची एकच यादी करून ती दोघांनाही दाखवा.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीजं वाढवायला हार्मोन देतात. जुन्या छोट्या अभ्यासांत त्यानंतर अटॅक वाढल्याचं दिसलं होतं. अलीकडच्या अनुभवात, एमएसचं औषध योग्य वेळेपर्यंत चालू ठेवलं तर ही भीती बरीच कमी होते. म्हणून उपचार ठरवण्याच्या आधी न्यूरॉलॉजिस्टना भेटायचं, नंतर नाही.

जाता जाता एक गैरसमज. अटॅकमध्ये शिरेतून तीन ते पाच दिवस दिलं जाणारं मिथाइलप्रेडनिसोलोन हेही कृत्रिम हार्मोनच, हेंच यांच्या कॉर्टिसोनच्या घराण्यातलं. त्याने अटॅकमधून लवकर सावरता येतं, पण लांबच्या वाटचालीत फरक पडत नाही. म्हणून ते रोजचं औषध होत नाही. ड जीवनसत्त्वही शरीरात हार्मोनसारखंच वागतं. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत, पहिल्याच अटॅकनंतर दर पंधरवड्याला एक लाख युनिट घेणाऱ्यांत आजाराची नवी हालचाल ६० टक्के जणांत दिसली, न घेणाऱ्यांत ७४ टक्के. त्याआधी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत, ग्लाटिरामरसोबत दिलेल्या मोठ्या डोसचा लहान डोसपेक्षा काही फायदा दिसला नव्हता. स्वतःहून एवढा डोस घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं गोत्यात येतात. आणि थकवा फारच असेल तर थायरॉइडही तपासून घ्या, विशेषतः अलेमटुझुमॅब हे एमएसचं औषध घेतलं असेल तर. ते घेणाऱ्या साधारण एक तृतीयांश लोकांना थायरॉइडचा त्रास होतो, आणि त्यावर उपचार करता येतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन महिने एक वही ठेवा. वाफ किती वाजता आली, रात्री किती वेळा उठलात, पाळी कधी आली किंवा चुकली, पाय जड पडला तो वाफेसोबत की एरवीही. अर्ध्या तासात उतरणारा जडपणा बहुधा उष्णतेचा. चोवीस तासांहून जास्त टिकणारं नवं लक्षण, अंगात ताप नसताना, अटॅक असू शकतं आणि त्यासाठी वहीत लिहून थांबायचं नाही, फोन करायचा. हार्मोन सुरू झालेच तर परिणाम पाहायला तीनेक महिने द्या. वाफा कमी झाल्या, झोप लागू लागली, डोकं चालू लागलं, तर ते चालू ठेवावेत. पॅच लावल्यावर बरं वाटतंय म्हणून एमएसचं इंजेक्शन चुकवायचं नाही, आणि एमआरआयची ठरलेली तारीखही पुढे ढकलायची नाही.